जिल्ह्यातली संस्था कशी वाढते

नमस्कार. समोर बसलेल्यांपैकी कुणी कर्णबधिर मुलांची शाळा चालवतं, कुणी बौद्धिक दिव्यांगांची कार्यशाळा, कुणी निराधार वृद्धांचं घर. बहुतेकांचं काम एका जिल्ह्यापुरतं, फार तर दोन जिल्ह्यांपुरतं आहे. आणि विश्वस्तांच्या बैठकीत एक प्रश्न तुम्हा सगळ्यांना हमखास विचारला जातो : आपण वाढणार कधी? माझं उत्तर मी सुरुवातीलाच सांगून टाकतो. जो माणूस आज संस्थेत आहे त्याला उद्या काय लागणार आहे, हे बघत गेलं की संस्था वाढते. देणगीदार काय द्यायला तयार आहे हे बघत गेलं, तर इमारती वाढतात.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण विदर्भात आहे, म्हणून आज मी वरोऱ्याच्या महारोगी सेवा समितीविषयी, म्हणजे आनंदवनाविषयी बोलणार आहे. बाबा आमटे, गटारात पडलेला कुष्ठरुग्ण तुळशीराम, बाबांना वाटलेली भीती आणि त्या भीतीवर त्यांनी केलेली मात, ही गोष्ट तुम्हाला पाठ आहे. ती मी पुन्हा सांगत नाही. संस्था चालवणाऱ्यांनी माणसाआधी तो मुलूख बघावा असं मला वाटतं.

त्या काळात वर्धा, अमरावती, चांदा म्हणजे आजचं चंद्रपूर, या पट्ट्यात कुष्ठरोग घरोघर माहीत होता. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम सुरू केलं होतं. सेवाग्रामला गांधीजी कुष्ठरोग झालेल्या परचुरे शास्त्रींच्या जखमा स्वतः धूत होते, आणि हे साऱ्या देशाने पाहिलं होतं. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. १९५१ मध्ये वर्ध्यात गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान निघालं आणि गावोगाव जाऊन पाहणी करायची, लोकांना समजावून सांगायचं, तिथेच उपचार द्यायचे, अशी पद्धत त्यांनी बसवली. पुढे कुष्ठरोगाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने तीच उचलली. म्हणजे आनंदवन उभं राहिलं तेव्हा आजूबाजूला अनुभव होता, जाणती माणसं होती, विचारायला जागा होत्या. आज कुणी नवीन संस्था काढायची म्हणतं तेव्हा मी पहिलं हेच विचारतो की शेजारच्या तालुक्यात कोण काय करतंय हे बघून आलात का? बऱ्याचदा बघितलेलं नसतं.

समितीची नोंदणी १९४९ ची. वरोऱ्याचे वकील मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे बाबा, कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये जाऊन कुष्ठरोगाचं शिक्षण घेऊन आले. १९५१ साली गावाबाहेरची ५० एकर खडकाळ, झुडपी जमीन मिळाली. सोबत पत्नी साधनाताई, दोन लहान मुलगे, सहा रुग्ण, एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि १४ रुपये. आता या यादीतल्या सहा रुग्णांकडे बघा. त्यांना पहिल्यांदा काय लागलं? पाणी. म्हणून विहीर खणली. मग पोटाला अन्न, म्हणून शेती आणि गुरं. जखमांना मलमपट्टी आणि औषध, म्हणून दवाखाना. खाऊन उरेल इतकी भाजी आणि दूध झालं, तेव्हा ते विकायचा प्रश्न आला. आणि बाजारात ते घ्यायला कुणी तयार होईना.

हा टप्पा आपल्या संस्थांच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. कारण इथून पुढची गरज कुंपणाच्या आत भागणारी नव्हती. त्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संघटनेचे परदेशी स्वयंसेवक आनंदवनात येऊन राहिले, रुग्णांच्या बरोबरीने त्यांनी बांधकाम केलं, तिथलंच अन्न खाल्लं. हे वरोऱ्याच्या लोकांनी रोज डोळ्यांनी पाहिलं, आणि गिऱ्हाईक हळूहळू वळायला लागलं. भीती भाषणाने जात नाही. ती जायला कुणीतरी समोर बसून जेवावं लागतं.

आणि मग १९६४ साली आनंद निकेतन महाविद्यालय निघालं, पाठोपाठ कृषी महाविद्यालय. हे मला आनंदवनाच्या साऱ्या इतिहासातलं सगळ्यात धाडसी पाऊल वाटतं. वरोऱ्याच्या परिसरातल्या मुलांना पदवीसाठी दूर जावं लागत होतं, ती गावाची गरज होती. कुष्ठरुग्णांना कॉलेजचा काय उपयोग, असं कुणीही म्हणेल. पण ज्यांच्या हातची भाजी घ्यायला गाव कचरत होतं, त्यांनीच उभारलेल्या भिंतींमध्ये त्या गावची मुलं शिकायला येऊन बसली. रोज हजारो पावलं आनंदवनाच्या फाटकातून आत-बाहेर करायला लागली. संस्थेतल्या माणसाला समाजात पुन्हा जागा हवी होती, ती गरज या कॉलेजने भागवली. तुमच्या संस्थेच्या आवारात रोज येण्याचं काही कारण गावाला आहे का? वाढदिवसाला केक कापायला आणि दिवाळीला फराळ वाटायला लोक येतात, ते मी धरत नाही. कामाचं कारण म्हणतोय मी. दळणाची गिरणी असेल, वाचनालय असेल, सायकल दुरुस्ती असेल.

साठच्या दशकात अंध मुलांसाठी शाळा आली, पुढे कर्णबधिरांसाठी आली, हातमाग आला, छापखाना आला, पत्र्याचे डबे करण्याचा कारखाना आला. कुष्ठरोगासाठी निघालेल्या संस्थेने दिव्यांगांचं काम का घ्यावं? याचं उत्तर हातांत आहे. कुष्ठरोगात चेता निकामी होतात, बोटं वाकतात, झडतात, संवेदना जाते. बरा झालेला रुग्णही त्या अर्थाने दिव्यांगच असतो. अशा हातांनी कुठलं काम कसं करता येईल, अवजाराची मूठ किती जाड असावी, कोणतं काम कुणाबरोबर जोडीने करावं, हे ज्ञान आनंदवनात आधीच साठलं होतं. ते दुसऱ्या प्रकारच्या दिव्यांगत्वाकडे वळवणं ही नैसर्गिक चाल होती. नवीन विभाग उघडताना आपल्याकडे आधीपासून काय साठलेलं आहे, हे बघायला हवं ते यासाठीच.

या साठलेल्या ज्ञानाचा एक नमुना जवळून दाखवतो. कुष्ठकार्यात एमसीआर चप्पल नावाची एक वस्तू असते. एमसीआर म्हणजे बारीक बारीक छिद्रांचं मऊ रबर. पायाची संवेदना गेलेल्या माणसाला खडा टोचलेला कळत नाही, काटा मोडलेला कळत नाही, चटका बसलेला कळत नाही. तो त्या पायाने चालत राहतो आणि संध्याकाळी तळव्याला व्रण दिसतो. म्हणून आतला थर मऊ, बाहेरचा तळ कडक. चपलेत एकही खिळा नाही, सगळं डिंकाने आणि शिलाईने धरलेलं, कारण झिजल्यावर वर आलेला खिळा त्याला कळणार नाही. आणि मागच्या बाजूला टाचेला पट्टा. तो का? आपली चप्पल पायातून निसटली तर आपल्याला समजतं. त्याला समजत नाही. चप्पल मागे राहते आणि तो अनवाणी पुढे जातो. आता मला सांगा, हा टाचेचा पट्टा कुठल्या प्रकल्प अहवालातून आला असेल? जे लोक रोज त्या पायांच्या जखमा बांधत होते, त्यांच्या लक्षात आलेली ही गोष्ट आहे. तुमच्या संस्थेतल्या स्वयंपाकीणबाई, काळजीवाहक, गाडीचालक यांना अशा शंभर गोष्टी माहीत असतात. त्यांना वार्षिक नियोजनाच्या बैठकीला कुणी बोलवत नाही. बोलवा.

मग लग्नं. रोग बरा झाला, हाताला काम मिळालं, की माणसाला संसार हवासा वाटतो. आनंदवनाने लग्नं लावली, जोडप्यांसाठी घरं बांधली. मुलं आली, त्यांच्यासाठी सोय झाली. माणसं म्हातारी झाली, त्यांच्यासाठी निवारा झाला. शाळा, कारखाना, घरकुल, वृद्धाश्रम अशी नुसती यादी वाचली तर हा मोठा पसारा वाटतो. पण सहा रुग्ण आले आणि बरे झाले, त्यांच्यामागून आणखी आले, त्यांचे संसार झाले आणि ते म्हातारे झाले, असं वाचलं की तो एका माणसाच्या आयुष्याचा क्रम दिसतो.

१९६७ मध्ये मूल तालुक्यात सोमनाथ प्रकल्प सुरू झाला, शेतीचा. बऱ्या झालेल्यांना स्वतःच्या कष्टाचं खायचं होतं आणि आनंदवनाची जमीन पुरत नव्हती. तिथल्या तरुणांच्या श्रमसंस्कार छावणीने महाराष्ट्राला कार्यकर्त्यांच्या किती पिढ्या दिल्या, हे तुम्हाला मी सांगायला नको. समोर बसलेल्यांतले काहीजण त्या छावणीतलेच असतील.

हेमलकसा मात्र माझ्या म्हणण्यात सहज बसत नाही, आणि ते मी टाळणार नाही. डिसेंबर १९७३ मध्ये भामरागडच्या जंगलात लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. तिथे कुष्ठरोग हा मुख्य विषय नव्हता. माडिया आदिवासींचं आरोग्य, पुढे त्यांच्या मुलांचं शिक्षण, असं ते काम होतं. वरोऱ्यातल्या कुणाची ती उद्याची गरज नव्हती. तरी ते टिकलं, आणि २००८ साली बाबांचे चिरंजीव डॉ. प्रकाश आणि सून डॉ. मंदाकिनी आमटे यांना त्यासाठी मॅगसेसे पुरस्कार मिळाला. का टिकलं? कारण ते दोघं तिथे राहायला गेले. वीज नाही, पावसाळ्यात वाट नाही, भाषा येत नाही, अशा ठिकाणी जाऊन त्यांनी आपलं आयुष्य तिथलं केलं. वरोऱ्यात बसून चालवलेली ती शाखा कधीच नव्हती. म्हणून नवीन तालुक्यात जायचं असेल तर माझी एकच अट आहे : तिथे राहायला कोण जाणार? नाव सांगा. नाव नसेल तर फलक लावू नका.

आता एक अवघड वळण. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कुष्ठरोगासाठी बहुविध औषधोपचार, म्हणजे एकाहून जास्त औषधं एकत्र देणं, सुचवले. पूर्वी वर्षानुवर्षं, काहींना तर जन्मभर गोळ्या घ्याव्या लागत. आता सहा महिन्यांत किंवा वर्षभरात रुग्ण बरा व्हायला लागला, घरी राहून. २००५ च्या अखेरीस दर दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण हे उद्दिष्ट देशाने गाठलं. नवे रुग्ण अजून सापडतात, विदर्भात तर सापडतातच, आणि तपासणी सैल पडली की ते उशिरा सापडतात. पण ज्या कामासाठी संस्था निघाली, ते आपल्या मूळ रूपात कमी होत गेलं. सेवाभावी संस्थेच्या आयुष्यातला हा सगळ्यात आनंदाचा क्षण असायला हवा. प्रत्यक्षात तो घबराटीचा होतो. वसतिगृह रिकामं होतंय, अनुदान माणशी मिळतं, कर्मचाऱ्यांचे पगार कुठून द्यायचे?

अशा वेळी काही संस्था रुग्णसंख्या धरून ठेवतात, आणि त्याने माणसांचं नुकसान होतं. मी हे स्पष्ट बोलतो. घरी राहून शाळेत जाऊ शकणारं मूल केवळ अनुदानाच्या पटासाठी निवासी शाळेत ठेवणं हा त्या मुलावर अन्याय आहे. ज्यांनी दिव्यांगांच्या इतर प्रश्नांकडे वेळीच वळण घेतलं, त्यांच्यापुढे काम संपलं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ ने १९९५ च्या कायद्यातले सात प्रकार एकवीसवर नेले. त्यात कुष्ठरोगमुक्त व्यक्ती आहेत, ॲसिड हल्ल्यातल्या पीडित आहेत, स्वमग्नता आहे, थॅलेसेमिया आणि सिकलसेल हे रक्ताचे आजार आहेत. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार इथल्या कार्यकर्त्यांना सिकलसेल म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. बाहेरून धडधाकट दिसणारी पोरगी, परीक्षेच्या आठवड्यात सांधे धरून रडते, दवाखान्यात भरती होते, वर्ष बुडतं. तिला कुबड्या नकोत, चाकाची खुर्ची नको. तिला रक्ताची सोय हवी, शाळेत हजेरीची सवलत हवी, लग्नाआधीचा सल्ला हवा. आपल्या संस्थांची रचना अजून शाळा आणि वसतिगृह या दोन खांबांवर उभी आहे, आणि नव्याने येणाऱ्या माणसाला या दोन्हींपैकी काहीच लागत नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख दिव्यांग नोंदले गेले आणि त्यांतले साधारण ६९ टक्के खेड्यांत राहतात. ती जनगणना जुन्या, अपुऱ्या यादीवर झाली होती. सेवा मात्र शहरांत. भामरागडच्या एखाद्या आईचा विचार करा. मुलाला सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने हालचालींवर नीट ताबा नाही. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी जिल्हा रुग्णालय, म्हणजे जायलाच दीडशे किलोमीटरांच्या वर. मूल मोठं झालंय, कडेवर पेलवत नाही. तपासणी करणारं वैद्यकीय मंडळ ठरलेल्या दिवशीच बसतं. तज्ज्ञ डॉक्टर त्या दिवशी रजेवर असले की पुन्हा यायचं, दोन दिवसांची मजुरी बुडवून. प्रमाणपत्रावर ४० टक्के दिव्यांगत्व लागलं तर पुढची दारं उघडतात, नाहीतर नाही. या बाईला इमारत नकोच आहे. तिच्याबरोबर तिथे जाणारं, कागद नीट लावणारं, रांगेत उभं राहणारं माणूस हवंय. नंतर महिन्यातून दोनदा घरी येऊन मुलाला कसं बसवायचं, घास कसा भरवायचा हे दाखवणारं माणूस हवंय. जिल्ह्यातल्या संस्थेने वाढायचं तर अशा माणसांनी वाढावं. आशाताईंना, अंगणवाडीला, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला धरून चाललं तर लहान वयातच मुलं सापडतात.

पण अशा माणसाच्या पगाराला पैसा कोण देतं? इथे पैशाविषयी थोडं बोलतो, थोडंच, कारण त्यावर तुम्ही रोजच बोलता. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के सामाजिक कामासाठी खर्च करायला लावले, ही चांगली गोष्ट झाली. मात्र कायदा कंपनीच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यायला सांगतो, म्हणजे जिथे कारखाने नाहीत तिथे पैसा पातळ होत जातो. शिवाय चालू प्रकल्प फार तर पहिलं वर्ष सोडून तीन वर्षांचा. बौद्धिक दिव्यांगत्व तीन वर्षांत संपत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला. मोठ्या संस्थेने मिळालेला निधी लहान संस्थेला द्यायला बंदी आली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. पूर्वी मुंबई-पुण्याच्या संस्थांकडून तालुक्यात झिरपणारा पैसा त्यामुळे आटला. माझा आग्रह असा की आपल्या खर्चाचा काही भाग तरी गावातून, लहान लहान वर्गणीतून यावा. रक्कम छोटी असते, पण ती दरवर्षी येते आणि तिच्याबरोबर गावाचं लक्ष येतं.

आणि पगाराबद्दल संकोच सोडा. विशेष शिक्षकाने भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी असलेलं शिक्षण घ्यायचं, वर्षानुवर्षं विनाअनुदान शाळेत तुटपुंज्या मानधनावर राबायचं आणि त्याला आपण सेवा म्हणायचं, हे मला मान्य नाही. एक शिक्षिका सोडून गेली की तिच्याबरोबर दहा मुलांची सवय जाते, विश्वास जातो. पुढची येऊन तो जुळवेपर्यंत वर्ष निघून जातं. नवीन इमारतीचा निधी आला तर आधी विचारा की तो पगाराच्या कायम ठेवीत वळवता येईल का. देणगीदाराला पाटीवर नाव हवं असतं हे मला माहीत आहे. ठेवीलाही नाव देता येतं.

शेवटी त्या प्रश्नाकडे येतो, जो तुमच्यापैकी प्रत्येकाला पालकसभा संपल्यावर दारात थांबलेल्या आईने विचारलेला आहे : आम्ही गेल्यावर याचं काय? मुलगा तिशीचा झालाय, आई पासष्टीची. शाळा अठराव्या वर्षी संपली, कार्यशाळा पाच वाजता बंद होते. आज आपल्या जिल्ह्यांतल्या संस्थांतल्या माणसांची उद्याची गरज ही आहे, आणि तिला उत्तर देईल तीच संस्था पुढच्या वीस वर्षांत खऱ्या अर्थाने वाढेल असं मला वाटतं.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यासाठी एक वाट करून ठेवली आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्या अठरा वर्षांवरच्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. ते काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती करते. त्या समितीत नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी असतो आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. म्हणजे ती खुर्ची आपलीच आहे. न्यासाच्या निरामय योजनेत याच व्यक्तींना एक लाखापर्यंतचं आरोग्यविम्याचं संरक्षण मिळतं. पण मुलगा अठराचा झाल्यावर आई आपोआप कायदेशीर पालक राहत नाही, हे कित्येक पालकांना बँकेत खातं उघडायला गेल्यावरच समजतं.

तेव्हा इथून गेल्यावर तीन कामं करावीत अशी माझी विनंती आहे. आपल्या पटावरच्या अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाची यादी काढा आणि पालकत्वाचा अर्ज झाला आहे की नाही हे त्या नावापुढे लिहा. ज्यांचे आईवडील साठीच्या पुढे आहेत त्यांचे अर्ज आधी भरून घ्या. आणि आपल्या जिल्ह्यातली समिती गेल्या वर्षात किती वेळा बसली, हे जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन विचारा. चार-पाच जणांसाठी गावातच, वस्तीतच भाड्याचं घर घेऊन सोबतीला एक जोडपं ठेवून सुरुवात करायची कुणाची तयारी असेल, तर त्याचा खर्च कसा मांडायचा हे मी कागद-पेन्सिल घेऊन तुमच्याबरोबर बसून करून देईन. जेवणाच्या सुट्टीत मी डाव्या बाजूच्या खोलीत आहे.